दुसऱ्या पलंगाचे भाडे

परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी एकातूनही समुद्र दिसत नाही. आमची गोदावरी गंगाखेडच्या घाटाला भिडून पूर्वेकडे जी निघते ती राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते. परंतु परभणीकराला समुद्र पाहण्याची इच्छा झाली, की तो नदीकडे पाठ फिरवून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने पश्चिमेस मुंबईला जातो, चौपाटीवर चपला हातात घेऊन घटकाभर पाण्यात उभा राहतो आणि पायाला लागलेली वाळू झाडीत परत गाडीत बसतो. आमच्याकडे ज्याला मोठे पाणी म्हणतात ते जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणाचे. पावसाळा बरा झाला म्हणजे ते डोळ्यांत मावत नाही हे खरे, तथापि त्याला पलीकडचा काठ आहे, आणि त्या काठावर कोणाचे शिवार आहे हे महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या माझ्यासारख्याला न पाहताही सांगता येते. काठ नसलेले, गट क्रमांक नसलेले, कोणाच्याही नावे न लागलेले पाणी एकदा निवांतपणे, किनाऱ्यावरून नव्हे तर त्याच्या मध्यभागी जाऊन पाहावे, ही मनीषा अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर बसून पहाणीपत्रके तपासताना माझ्या मनात कितीतरी वेळा येऊन गेली होती. सेवानिवृत्तीनंतर तिला निमित्त सापडले ते एका रंगीत माहितीपत्रकाचे.

मुंबईच्या धक्क्यावरून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सहलीच्या सागरी फेऱ्या निघतात, आणि ज्याला कोठे उतरावयाचे नाही, कोणास भेटावयाचे नाही, केवळ जाऊन यावयाचे आहे, अशा माणसांसाठीच ही जहाजे चालतात, हे वाचून माझ्यासारखा मनुष्य लोभावला नसता तरच नवल. अडचण एवढीच होती, की आमच्या सौभाग्यवती येणार नव्हत्या. परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या एसटीतदेखील ज्या खिडकीजवळची जागा धरून, हातातले लिंबू नखाने खरवडून हुंगीत बसतात, त्यांनी समुद्रावर पाऊल ठेवावे असा आग्रह धरणे म्हणजे निर्दयपणाच होय. “तुम्ही जा,” असे त्या म्हणाल्या, आणि ते इतक्या सहज म्हणाल्या, की त्या उदारतेत त्यांनाही चार दिवस घरात मोकळे मिळण्याचा आनंद असावा, असा संशय मला आल्याशिवाय राहिला नाही.

स्टेशन रोडवरील एका लहानशा प्रवासी कचेरीत मी चौकशीस गेलो. तेथील तरुण अत्यंत अदबशीर होता, त्याने संगणकावर माझे नाव, वय, आधार क्रमांक टिपून घेतला आणि म्हणाला, “काका, आता दुसरं नाव सांगा.” दुसरे नाव नाही, मी एकटाच जाणार आहे, असे सांगताच त्याने प्रथम पडद्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. सहप्रवाशाच्या रिकाम्या रकान्याभोवती तांबडी रेघ उमटली होती आणि ती भरल्याखेरीज पुढचे पान उघडण्यास ते यंत्र राजी नव्हते. दस्तात दुसऱ्या खातेदाराची सही नसल्यामुळे आपण स्वतः किती प्रकरणे त्रुटीच्या शेऱ्यानिशी परत धाडली, याचे स्मरण मला त्या क्षणी झाले, आणि त्या तांबड्या रेघेविषयी मला एक प्रकारची खातेनिहाय आपुलकी वाटली.

मग त्याने दरपत्रकाचा अर्थ उलगडून सांगितला. जहाजाच्या दरपत्रकात जो आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो तो एका माणसाचा असतो हे खरे. परंतु त्या खोलीचा भोगवटा दोघांचा आहे असे गृहीत धरून काढलेला असतो. समजा, माणशी तीस हजार असा दर आहे. तर त्याचा अर्थ खोलीचे साठ हजार, आणि एकटा मनुष्य त्या खोलीत राहणार असेल तर त्याने आपले तीस हजार देऊन वर न आलेल्या माणसाबद्दल अधिभार द्यावयाचा. हा अधिभार कोठे निम्मा असतो, कोठे पाऊणपट, आणि पुष्कळ ठिकाणी तो पुरता असतो, म्हणजे एकट्याने दोघांचे भाडे भरावयाचे. गंमत अशी, की बंदरशुल्क, कर, सेवकांच्या बक्षिसाची दररोजची रक्कम या गोष्टी मात्र डोईमागे आकारतात. बंदराच्या दप्तरी मी एकच मनुष्य असतो. जहाजाच्या दप्तरी मी दीड किंवा दोन असू शकतो.

यात जहाजवाल्यांचा केवळ लोभ आहे असे समजणे हा अन्याय होईल, आणि हिशेब पाहण्याची ज्यांना सवय आहे त्यांना तो अन्याय दिसल्याशिवाय राहत नाही. सहलीचे जहाज खोलीच्या भाड्यावरच जगत नाही. मद्यगृह, जुगारगृह, छायाचित्रे, मालिशगृह, बंदरावर उतरल्यानंतरच्या सहली, दुकाने, यांवर प्रवासी जो सढळ खर्च करतो, त्याचा मोठा हातभार जहाजाच्या उत्पन्नाला लागतो. आणि खोलीत एक मनुष्य कमी म्हणजे हा सगळा खर्च करणारे एक तोंड कमी. त्यातून माझ्यासारखा शाकाहारी, निर्व्यसनी व मालिशीस लाजणारा पेन्शनर मिळाला, तर जहाजाच्या दृष्टीने ती खोली जवळजवळ पडीक जमीनच समजावयाची.

तथापि एक गोष्ट मनातून जाईना. ज्या गाडीने मी मुंबईस जाणार होतो तीत मी एकटा आहे म्हणून रेल्वे माझ्याकडून दुसऱ्या शायिकेचे पैसे मागत नाही. वातानुकूलित पहिल्या वर्गात दोघांचा कूपे असतो. तेथेही एकट्याला एकाच शायिकेचे तिकीट मिळते, आणि समोर कोण झोपणार हे तक्ता तयार होईपर्यंत नशिबावर सोपविलेले असते. याचे कारण उघड आहे. रेल्वे शायिका विकते. सहलीचे जहाज खोली विकते. आणि पूर्वी जहाजेदेखील शायिकाच विकत असत. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेस निघालेल्या एकोणीस वर्षांच्याही आतल्या मोहनदास गांधींची जागा त्यांच्या मित्रांनी जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार यांच्या खोलीत राखून ठेविली होती. वकीलसाहेब प्रौढ व जगाचा अनुभव घेतलेले. हा मुलगा इतका भिडस्त, की काट्याचमच्याने कसे खावे हे ठाऊक नाही आणि कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याचे धैर्य नाही, म्हणून भोजनगृहात न जाता घरून आणलेली मिठाई व फळे खोलीतच बसून खात असे. मजमुदार त्याला बाहेर पडण्यास, चारचौघांशी बोलण्यास, इंग्रजी चुकले तरी बोलत राहण्यास बजावीत. गांधींना त्या वेळी अधिभार भरून स्वतंत्र खोली परवडती, तर बोटीवर ती भीड मोडण्यास कोण येते?

त्याच्याही पाच वर्षे आधी, एप्रिल १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेकडे निघाल्या, तेव्हाही त्यांना परदेशी स्त्रियांच्या सोबतीनेच जावे लागले. त्या काळी ‘एकटीने जाणे’ याचा अर्थ आपल्या माणसांवाचून जाणे एवढाच होता. माणसांवाचून जाण्याची कल्पना कोणाच्या स्वप्नातही नसावी. आमच्या परभणीची समुद्राशी जी काही पिढ्यान् पिढ्यांची ओळख होती तीही याच जातीची. निजामी अमदानीपासून या जिल्ह्यातील हज यात्रेकरू मुंबईस जाऊन जहाजाने जेद्दास जात. मोगल लाइनची ‘अकबर’सारखी जहाजे या कामी होती, आणि मुंबई-जेद्दा हा जलमार्ग १९९५ साली बंद झाला. आमच्या आळीतील एक वृद्ध हाजीसाहेब उरुसाच्या दिवसांत तुराबुल हक दर्ग्याच्या वाटेवरील आपल्या दुकानात बसून त्या प्रवासाच्या गोष्टी सांगत. एकावर एक रचलेल्या शायिका, खालच्या शायिकेवर केरळचा कोणी मोपला, वरती बिहारचा. एकाची बोली दुसऱ्यास समजत नाही, पण बोट हलू लागली म्हणजे जो कमी ओकतो त्याने जास्त ओकणाऱ्याच्या कपाळावर ओले फडके ठेवावयाचे, हा नियम भाषेवाचून सर्वांना समजला होता. स्वतंत्र खोली कोणी मागितली असती तर? असे मी एकदा विचारले, तेव्हा हाजीसाहेब हसून म्हणाले, “साहब, बीमार पडला असता तर पाणी कोणी दिलं असतं?”

हा प्रश्न निरुत्तर करणारा आहे खरा. परंतु त्यावरून एकट्या माणसाकडे पाहण्याची आपल्या समाजाची जी रीत आहे तीही ध्यानात येते. कोणत्याही मोठ्या तीर्थक्षेत्री एकटे जाऊन पाहा. बऱ्याच भक्तनिवासांत एकट्याला खोली देत नाहीत; कुटुंब आहे काय, बरोबर कोण आहे, असे विचारून ओळखपत्राकडे दोनदा पाहतात आणि सामाईक दालनातील गादीकडे बोट दाखवितात. एकटा मनुष्य खोलीत काय करील याची त्यांना धास्ती वाटते, आणि दुर्दैवाने त्या धास्तीला वर्तमानपत्रांतील बातम्यांचा आधारही असतो. २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना पुरुष नातेवाइकावाचून हज यात्रेस जाण्याची मोकळीक मिळाली, तीसुद्धा आरंभी चौघींचा गट करण्याच्या अटीवर. वारीत मात्र वेगळे आहे. शेगावची पालखी परभणीवरून गंगाखेडास जाते तेव्हा एकटा आलेला वारकरी कोणत्या दिंडीत पडला, कोणाच्या राहुटीत झोपला, याची चौकशी होत नाही. भिशी भरली, पथारी टाकली, की तो त्या राहुटीचा झाला. पण राहुटीत त्याला एकांतही मिळत नाही, आणि बहुधा त्याला तो नकोच असतो. गंगाखेडच्या जनाबाईंना नामदेवांच्या घरी स्वतःची म्हणून खोली कोठली असावयाला! दळणकांडण, शेणी वेचणे, यांच्या रगाड्यात त्यांनी जो एकांत मिळविला तो भिंतींचा नव्हता. पण तो अधिकार आम्हां सामान्यांचा नव्हे, आम्हांला दार लावावेच लागते.

दार लावून बसण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात जवळजवळ आलाच नाही. वाड्यात आम्ही भावंडे एका ओळीने माळवदावर झोपत असू. पुढे वसतिगृहात तिघे, नोकरीच्या आरंभी सेलूस भाड्याच्या खोलीत दोघे, आणि त्यानंतर संसार. कचेरीतील माझे टेबल तर हमरस्त्यावर मांडल्यासारखेच होते. त्यामुळे जहाजावरील खोलीचा प्रश्न समोर आला तेव्हा तो पैशांचा आहे असे मला प्रथम वाटले, आणि मग हळूहळू लक्षात येऊ लागले, की ज्या मनुष्याने रात्री जाग आल्यावर दुसऱ्या कोणाचा श्वास ऐकला नाही असे कधी झालेच नाही, त्याला आपण काय विकत घेत आहोत हेच नीट ठाऊक नाही.

परदेशी जहाजांनी यावर एक तोड काढली आहे. जुन्या टपालबोटींवर व ‘क्वीन एलिझाबेथ २’सारख्या, १९६९ साली सेवेत आलेल्या जहाजावरही एकट्याच्या खोल्या होत्या, परंतु १९५८ साली जेट विमाने अटलांटिकवरून नियमित उडू लागली, कामासाठी प्रवास करणारा एकटा मनुष्य आकाशमार्गे गेला, आणि समुद्रावर उरली ती सहलीची जोडपी. एकट्याची खोली हळूहळू बाद झाली. ती मोठ्या प्रमाणावर परत आणली ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजाने, २०१० साली: एकशे अठ्ठावीस खोल्या, प्रत्येकी सुमारे शंभर चौरस फूट, म्हणजे आमच्या जुन्या वाड्यातील देवघर व त्यापुढील बोळ मिळून होईल तेवढी जागा. समुद्राकडे खिडकी नाही. खिडकी आहे ती बाहेरच्या बोळाकडे, आणि तिची काच अशी, की आतल्याला बाहेरचे दिसावे व बाहेरच्याला आतले दिसू नये. या खोल्यांतील एकट्यांसाठी एक सामाईक बैठकही राखून ठेविली आहे. ज्याला मनुष्य हवा त्याने तेथे जावे, नको असेल त्याने खोलीत राहावे. ही योजना मला मोठी समंजस वाटली. मात्र या खोल्या थोड्या, मागणी फार. त्यामुळे त्या लवकर संपतात, आणि गर्दी कमी असलेल्या हंगामात दोघांची बिनखिडकीची खोली अधिभारासह घेतली तरी ती एकट्याच्या खोलीहून स्वस्त पडते, असाही चमत्कार घडतो. म्हणून जाणकार लोक दोन्हींचे हिशेब मांडल्याशिवाय निर्णय घेत नाहीत.

माझे मत विचाराल तर ते भाव पाहून बनलेले नाही. दोघांच्या खोलीत एकट्याने राहावयाचे म्हणजे दुसरा पलंग डोळ्यांपुढे राहणार. त्यावर रोज सकाळी सेवक चादर ताणून जाणार, टॉवेलाचा हंस करून ठेवणार, दोन पेले, दोन सपाता मांडणार. आणि ज्याच्यासाठी हे चालले आहे तो परभणीस भाजी निवडीत बसला आहे, ही जाणीव मला घटकाघटकेस होत राहणार. एकाच पलंगाच्या शंभर चौरस फुटांत मनुष्य एकटा असेल, परंतु तेथे कोणी गैरहजर नसेल. जेथे मोजून एकच पान वाढले आहे तेथे जेवणाऱ्याला सुने वाटत नाही. सुने वाटते ते वाढलेल्या रिकाम्या पानाशेजारी बसून जेवताना. अनोळखी माणसाबरोबर खोली वाटून घ्यावी हा तिसरा मार्ग. तो हाजीसाहेबांचा व मजमुदार वकिलांचा. त्याची थोरवी मला मान्य आहे. पण ते लोक कोठेतरी पोचण्यासाठी निघाले होते, आणि वाटेत सोबती असणे ही त्यांची गरज होती. मी पोचणार कोठेच नव्हतो. ज्याला निव्वळ काठ नसलेले पाणी पाहावयाचे आहे त्याला रात्रभर कोणाचे घोरणे व सकाळी कोणाच्या जावयाची हकीकत ऐकण्याची सक्ती का असावी?

आमच्याकडे ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ अशी म्हण आहे. नशीब काढण्यास बाहेर पडलेल्याचे जमले तर ठीक, नाही तर परतीचे गाव ठरलेलेच आहे, असा तिचा दिलासा. तोच दिलासा मनाशी धरून मी दुसऱ्यांदा त्या कचेरीत गेलो. मला परवडणाऱ्या फेरीच्या दरपत्रकात एकट्यासाठी वेगळी खोली नव्हती. होती ती दोघांची, अधिभारासह. सौभाग्यवतींनी आदल्या रात्री हिशेबात लक्ष घातले होते. दोघांचे पैसे भरून एकट्याने झोपावयाचे हा त्यांच्या लेखी निव्वळ उधळेपणा. पण तेवढ्यासाठी एखादा अनोळखी पुरुष माझ्या खोलीत झोपावा हेही त्यांना पटेना. “अहो, तुम्हाला रात्री दोनदा उठावं लागतं. त्या बिचाऱ्याची झोपमोड कशाला?” एवढ्या एका वाक्यात त्यांनी तिसरा मार्ग निकाली काढला. मी त्या तरुणाला विचारले, की दुसरा पलंग खोलीतून काढून टाकता येईल काय? त्याने मुंबईस फोन लावला, हातावर काहीतरी टिपले आणि सांगितले, “काका, काढत नाहीत. पण दोन्ही जोडून एक मोठा करून देतात. लिहून दिलं पाहिजे.”

लिहून देणे ही तर माझी हयातभराची विद्या. त्याने छापून दिलेल्या फॉर्मच्या तळाशी शेऱ्याची जागा होती, तेथे मी ‘दोन्ही पलंग जोडून एक करणेत यावा, उशी एकच ठेवणेत यावी’ असे ठळक अक्षरांत लिहिले, खाली तारीख घालून सही केली, आणि सवयीने जावक क्रमांकासाठी जागाही सोडली. तरुणाने तो मजकूर इंग्रजीत उतरविताना उशीचा भाग गाळला असावा अशी मला शंका आहे. पावती आली तिच्यात खोलीचे भाडे दोघांचे होते आणि बंदरशुल्क एकाचे. बेरीज मी तेथेच उभ्या उभ्या तपासून पाहिली, ती बरोबर होती.